घंटी वाजली की थांबायचं

४ ऑगस्ट, सोमवार

चौतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मला आठ नंबरच्या खोलीत बसवलं. बदली म्हणा, शिक्षा म्हणा. मेट्रनबाई म्हणाल्या, "पद्माक्का, तुम्हाला मराठी-कन्नड दोन्ही येतंय, वयही झालंय, पोरं तुम्हाला बुजणार नाहीत." वय झालंय हे तोंडावर सांगायची काही गरज होती का!

ज्या मुलांवर कुणी वाईट हात टाकला त्यांच्यासाठी आमच्या दवाखान्यानं जूनपासून ही खोली वेगळी काढली आहे. तपासणी, औषध, मनाचा आधार, पोलिसांचा जबाब, सगळं इथंच, म्हणजे पोराला दहा दारं हिंडावी लागत नाहीत. इथल्या मुख्य डॉ. तेजस्वी. खानापूरकडच्या खेड्यातल्या, वय पस्तीससुद्धा नाही. त्यांनीच सांगितलं की रोज घरी जाऊन वहीत लिहीत जा, नाहीतर इथं ऐकलेलं डोक्यात साचतं. मुलाचं नाव, गाव मात्र स्वतःच्या वहीतही लिहायचं नाही. म्हणून ही बियाणं कंपनीची फुकट मिळालेली डायरी काढली.

खोलीचे नियम ऐकून मला हसूच आलं. दाराची कडी मुलाच्या हातात. हात लावायचा तर आधी विचारायचं, नाडी बघायलासुद्धा. झालेली गोष्ट एकदाच विचारायची, पुन्हा कुणी खोदून विचारायची नाही. आणि टेबलावर एक घंटी, हॉटेलच्या गल्ल्यावर असते तसली. मुलानं ती वाजवली की सगळ्यांनी थांबायचं, डॉक्टरांनीही. का वाजवली, हे विचारायचं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या वॉर्डात ही घंटी असती तर आजवर बेळगावात एक बाळ जन्माला आलं नसतं." त्या हसल्या. घंटी मात्र जागची हलली नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज एक मुलगी आली. तेरा वर्षांची, खेड्यातली. इथं मुलांनी स्वतःसाठी एक नाव निवडायचं असतं, तिनं 'श्रद्धा' निवडलं आहे. आईनं आत येताच मला "जयजिनेंद्र" म्हटलं, म्हणजे आमच्यातलीच, जैन. घर मोठं, शेती-व्यापाराचं, आजोबांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. करणारा तिचा चुलत काका. शाळा सुरू झाल्यावर हिनं बाईंना सांगितलं आणि बाईंनी पोलिसांना. काका महिनाभर आत होता, आता जामिनावर सुटलाय. गावात पाय ठेवायचा नाही असं कोर्टानं बजावलंय. ११ सप्टेंबरला कोर्टात तिची साक्ष आहे. तिथवर तिला उभं राहण्याचं बळ द्यायचं, एवढंच आमचं काम, असं डॉक्टर म्हणाल्या.

पोरीनं माझ्यावर अकरा वेळा घंटी वाजवली. नाव विचारलं, टिंग. पाणी हवं का, टिंग. पंखा वाढवू का, टिंग. शेवटी मी हाताची घडी घालून बसले. डॉक्टर नंतर म्हणाल्या, "अक्का, ती बघत्ये की घंटी खरंच चालते का. तुम्ही अकराही वेळा थांबलात, हेच आजचं औषध."

चौतीस वर्षांत असलं औषध मी पाहिलं नव्हतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज मी घरून ताटात मटकी घेऊन गेले. हात गुंतले की तोंड मोकळं होतं, हा माझा जुना अनुभव. लहानपणी मी आणि माझी धाकटी बहीण जिनमती पूजेचे तांदूळ निवडायला सोप्यात, म्हणजे पुढच्या खांबांच्या पडवीत, बसायचो. जिनी काहीबाही बडबडत असायची आणि मी नुसतं हूं हूं करायची. डॉक्टरांनी आधी ताटाकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

श्रद्धा खडे वेचायला लागली. अर्ध्या तासानं स्वतःहून बोलली, पण कन्नडमध्ये. घरात मराठी बोलतात हे मला माहीत होतं. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "मराठीत सांगाय लागलो की आप्पांच्या आवाजात ऐकू येतंय, सिस्टर. साळंतली भाषा बरी वाटती." आप्पा म्हणजे तिचे आजोबा.

काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. ताट पूर्ण निवडून झालं, एकही खडा राहिला नाही. घरी येऊन तीच मटकी भिजत घातली, पण मला जेवण गेलं नाही. माझ्या म्हाताऱ्या आईला सांगितलं, पित्त झालंय.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज श्रद्धा डॉक्टरांकडं आत असताना तिची आई बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसली होती. पदरानं सारखी मान पुसत होती. म्हणाली, "घरात कोन कुनाशी बोलत न्हाय, आक्का. आप्पा पोरीकडं बघत सुदिक न्हाईत. तिनं घर फोडलं म्हणत्यात. माझं मन तर दगडागत झालंय."

मला तिची फार दया आली. गुरुवारी आमचं दशलक्षण पर्व बसतंय. दहा दिवस उपास, पूजा, आणि संपलं की क्षमावणी. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्यासमोर हात जोडून क्षमा मागायची, लहान-मोठा बघायचा नाही. माझ्या मते आमच्या धर्मातली ही सगळ्यात सुंदर चाल. मी तिला म्हटलं, "बाई, पर्व आलंय. मनात धरून ठेवल्यानं धरणाऱ्यालाच चटका बसतोय. क्षमावणीला सोडून द्या सगळं, पोरीलाही सांगा. मन हलकं हुईल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. पुस्तकातल्या नियमांपेक्षा कधीकधी घरचंच औषध लागू पडतं.

घरी आईनं नेहमीचं विचारलं, "जिनीचा फोन यील का गं क्षमावणीला?" आई चौऱ्याऐंशीची. आम्ही दोघीच अनगोळात राहतो. जिनी हुबळीला बँकेत आहे, पण माहेरी येईल तर शपथ. दरवर्षी क्षमावणीला मी तिला मेसेज पाठवते आणि तिचं उत्तर येत नाही. पहिल्यापासून हट्टी. बारा वर्षांची असताना एकदा क्षमावणीला आत्याच्या यजमानांच्या पाया पडणार नाही म्हणून खांबाला मिठी मारून बसली होती! आख्खं घर बघतंय, आईनं दोन थोबाडीत दिल्या, तरी ढिम्म. शेवटी मीच तिचा हात धरून फरफटत नेलं आणि डोकं टेकवायला लावलं. तेव्हा मी सतरा वर्षांची. सगळे केवढे हसले होते.

१ सप्टेंबर, सोमवार

पर्वाचा पाचवा दिवस, म्हणजे 'उत्तम सत्या'च्या पूजेचा. माझं एक वेळचं जेवण चालू आहे, त्यामुळं डोकं जड आहे, त्यात हे.

श्रद्धा आज माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी खोलीत पाऊल ठेवलं, टिंग. ताट पुढं केलं, टिंग. मी थांबले, मग पुन्हा हळूच विचारलं, "काय झालं गं?" तर तिनं घंटी उचलून छातीशी धरली आणि वाजवतच राहिली. डॉक्टरांनी मला बाहेर जायला खुणावलं.

आणि आई तर आज हसतमुख होती! म्हणाली, "आक्का, तुम्ही सांगितल्यावानी झालं बघा. दवाखान्यातल्या बाईच म्हणत्यात म्हटल्यावर आप्पांनी पन मनावर घेतलं. क्षमावणीला सगळ्यास्नी सोप्यात बसवणार हाईत. समदं मिटंल आता." आजोबा मनानं मोठे निघाले म्हणायचे. घर सावरायला लागलं असताना पोरगी का बिथरली हे काही केल्या कळत नाही. वयच तसलं. जिनीही अशीच अचानक तोंड फिरवायची.

३ सप्टेंबर, बुधवार

दुपारी आठ नंबरचा फोन वाजला. श्रद्धा, शाळेतल्या बाईंच्या मोबाइलवरून. आज ती मराठीत बोलली. तिचे शब्द आहेत तसे लिहून ठेवते.

"सिस्टर, सोमवारी काकाला घरी आणणार हाईत. त्यो हात जोडणार. मी सगळ्यांच्या म्होरं क्षमा केली म्हणायचं. मग गुरवारी कोर्टात आठवत न्हाय म्हणायचं. आप्पा म्हणत्यात, क्षमा केल्यावर परत वंगाळ बोलणं म्हंजे पाप. तुम्हीच सांगितलासा न्हवं आईला."

मी म्हटलं, "बाळ, मी तसं..."

ती म्हणाली, "तितं घंटी न्हाय, सिस्टर. घरात घंटी न्हाय." आणि फोन ठेवला.

मी डॉक्टरांकडं गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पंचवीस तारखेला बाकावर बसून मी काय अक्कल पाजळली, तेही. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी कागद घेतला, तारीख घातली, मी म्हणाले ते शब्द लिहून घेतले. मग बालकल्याण समितीला फोन केला, तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला फोन केला. काकानं गावात पाय ठेवला तर जामीन जाईल, हे त्याच्या घरी आणि हिच्या घरीही आजच कळवतो, असं ते अधिकारी म्हणाले.

सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "काका येणार नाही. पण आप्पांचा शब्द घरात तसाच राहील. तो तुमच्या तोंडून गेलाय, पद्माक्का. तुम्हालाच परत आणायला जायला पाहिजे. मी बरोबर येते."

मला माझी लाज वाटते आहे. लहान पोरीला मोठ्यानं दगा द्यावा तसा मी दिला, आणि वर बरं वाटून घेतलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर आणि मी दवाखान्याची पाटी नसलेल्या गाडीनं श्रद्धाच्या घरी गेलो. आप्पा पूजा करून नुकतेच बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, आले होते. पांढरं धोतर, कपाळाला गंध, आठ दिवसांच्या उपासानं गाल बसलेले. माणूस खोटा नाही, हे बघितल्याबरोबर कळलं. खोटा असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी आम्हाला पाट दिले. श्रद्धा आतल्या दाराआड उभी होती, तिची फक्त बोटं चौकटीवर दिसत होती.

मी सरळ सांगितलं, "आप्पा, मी तुमच्या सुनंला जे बोललो ते चुकलं. दवाखान्याचं ते म्हणणं न्हाय. माझं पन आता न्हाय."

ते म्हणाले, "तुम्ही आमच्यातल्या. तुम्हीच सांगा, क्षमा मोठी का कोर्ट मोठं? घर तुटाय लागलंय. त्यो चुकला, मी न्हाय म्हणत न्हाय. हात जोडतो म्हणतोय. आनि काय करायचं मानसानं?"

"त्यानं जोडावंत हात. तुरुंगात बसून जोडावंत. परवा उत्तम सत्याची पूजा केलासा न्हवं? मग पोरीनं कोर्टात आठवत न्हाय म्हणायचं, हे सत्यात कुठं बसतंय?"

ते माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "आक्का, तुमच्या घरात झालं असतं तर?"

"तर बी हेच सांगितलं असतं," मी म्हटलं. फाडकन म्हटलं. "क्षमा मागणाऱ्यानं मागायची, आप्पा. द्यायची का न्हाय ते देणारीचं. आपण तिचा हात धरून नेलं, डोकं टेकवाय लावलं, तर..."

आणि माझं तोंड तिथंच थांबलं. चौकटीवरची ती चार बोटं मला दिसत होती. जिनीचीही अशीच होती, खांबाला धरलेली, एकेक करून मीच सोडवलेली.

पुढचं डॉक्टर बोलल्या. काय बोलल्या ते मला आता सांगता यायचं नाही. निघताना आप्पा एवढंच म्हणाले, "तिला काय सांगायचं ते सांगू दे. मी आडवा येत न्हाय. पन मी कोर्टाची पायरी चढणार न्हाय." परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी मला पाण्याची बाटली दिली आणि काही विचारलं नाही. आठ नंबरचे नियम त्या मोठ्यांनाही लावतात.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावणी. सकाळी बस्तीत सगळ्यांना हात जोडले, सगळ्यांनी मला जोडले. नुसती पद्धत म्हणून वर्षानुवर्षं जोडत आले, आज प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते.

अकराला श्रद्धा आणि तिची आई आल्या. आईनं डोळे वर केले नाहीत, पण पोरीचा हात घट्ट धरला होता. मी श्रद्धासमोर बसले. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. "मी आईला बोलले ते चुकीचं होतं. तुला त्याचा त्रास झाला. तू मला माफ केलं पाहिजे असं काही नाही, आज क्षमावणी असली तरी."

टिंग.

मी थांबले. मग तिनं टेबलावरचं ताट स्वतःकडं ओढलं आणि मटकी निवडायला लागली. थोड्या वेळानं ताट थोडं माझ्याकडं सरकवलं.

संध्याकाळी सगळ्यांना मेसेज पाठवले, हात जोडलेलं चित्र आणि खाली 'उत्तम क्षमा'. जिनीच्या नावावर बोट थांबलं. तिला हे चित्र पाठवलं नाही. आईनं विचारलं, "जिनीला पाठवलास?" मी म्हटलं, फोन चार्जिंगला लावलाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

साक्ष झाली.

तिला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा होता. मी आधार म्हणून तिच्याशेजारी खुर्चीवर. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "काही हवंय का?" तर हिनं दप्तर उघडलं आणि आठ नंबरची घंटी बाहेर काढली. कन्नडमध्ये विचारलं, "ही टेबलावर ठेवू का? मी वाजवली की सगळ्यांनी थांबायचं." मला वाटलं आता बोलणी बसतात. बाईंनी चष्मा काढला, घंटीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ठेव."

काकाचा वकील जिनेंद्र नावाचा, चांगला नावाजलेला. त्याला तिनं दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा आख्खं कोर्ट थांबलं, पंख्याचा आवाज तेवढा चालू. दोन्ही वेळा तिनं पाणी प्यायलं आणि पुढं सांगितलं. "आठवत नाही" एकदाही म्हणाली नाही. निकाल कधी लागेल, काय लागेल, देव जाणे. पण तिचं सांगून झालंय.

बाहेर पडलो तर गेटाबाहेर चहाच्या गाड्याशी आप्पा उभे. छत्री काखेत, तोंड रस्त्याकडं. पायरी चढणार नाही म्हणाले होते, चढले नव्हते. श्रद्धा त्यांच्यापासून चार हात लांब जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडं न बघता चहाचा एक कप तिच्या दिशेनं कट्ट्यावर ठेवला. तिनं तो उचलला नाही, पण ती तिथून हललीही नाही. आई मध्ये उभी राहून रडत होती. घंटी श्रद्धानं मला परत दिली. म्हणाली, "दुसऱ्या पोरास्नी लागंल."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी घेतली. आई जप करत बसल्यावर मागच्या दारी गेले आणि जिनीला फोन लावला. तिनं उचलला. माझा फोन म्हटल्यावर घाबरली, "आई बरी हाय न्हवं?"

"आई बरी आहे. जिनी, त्या वर्षी क्षमावणीला मी तुझा हात धरून नेलं. तू का नको म्हणतीस हे विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही." क्षमा कर हे शब्द जिभेवर आले होते, ते गिळले. "तुला बोलायचं नसलं तर फोन ठेव. मी परत विचारणार नाही."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "आक्का, मी तुला सांगितलं होतं."

"कधी?"

"त्याच्या आदल्या दिवशी. सोप्यात तांदूळ निवडत बसलो होतो. आत्याचे यजमान काय करत्यात ते मी तुला सगळं सांगितलं. तू म्हणालीस, बडबड पुरे, खडे नीट बघ."

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

खरंच आठवत नाही. सतरा वर्षांची होते, ताट आठवतं, सोपा आठवतो, तिचं बोलणं आठवत नाही. पण तोंडातून ते तीन शब्द गेले आणि माझे मलाच ऐकू आले. काल त्या पोरीनं भर कोर्टात जे म्हटलं नाही, ते मी म्हटलं. जिनी खोटं बोलत नाही. आम्ही आठ नंबरात मुलांना म्हणतो, एकदाच सांग, पुन्हा सांगावं लागणार नाही. तिनं एकदा सांगितलं होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, बरोबर माणसाला.

मी रडले. तीही रडली असावी, नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग मी विचारलं, "मी आईला सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगत."

ती म्हणाली, "सांग. तूच सांग. मी सांगून दमलो."

फोन ठेवून हे एवढं लिहिलं. आतून आईची माळ ठेवल्याचा आवाज आला. विचारते आहे, "कुनाचा फोन गं? जिनीचा का? काय म्हणाली?" मी वही मिटते आणि सांगायला जाते.